ज्यांच्या पाळीत मी शिकलो

माझ्या पदवीमागे कोणकोण उभं होतं असं कुणी विचारलं, तर घरच्या माणसांनंतर मला आधी आठवतात ते चिंचवडच्या एका कारखान्यातले काका. ते बोअरिंग मशीनवर ऑपरेटर होते. सगळं शॉप त्यांना काकाच म्हणायचं, अगदी वयाने मोठे असलेले फिटरसुद्धा. त्यांच्यानंतर आठवतात ते आमचे कॉलेजचे सर, आणि मग त्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. एकाचा दिवस बीड कापण्यात जायचा, दुसऱ्याचा फळ्यावर समीकरणं मांडण्यात, तिसऱ्याचा महिनाअखेरच्या डिस्पॅचच्या काळजीत. एरवी या तिघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. माझ्यासारख्या पोरांना काम शिकवायच्या निमित्ताने ती पडली. त्या तिघांचं जे देणं माझ्यावर आहे ते एकदा मोकळेपणाने सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुणे विद्यापीठाच्या प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या सँडविच अभ्यासक्रमाला होतो. चार वर्षांतल्या दोन सहामाही वर्गाऐवजी कारखान्यात काढायच्या, तिथल्या कामाची वही ठेवायची, एक प्रकल्प करायचा आणि त्याला विद्यापीठाने गुण द्यायचे, अशी ती रचना. आम्ही विद्यार्थी कॉलेजचे, पण हजेरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात. सकाळी सातच्या भोंग्याला गेटच्या आत असायचं. गावाकडच्या नातेवाइकांना हे काही केल्या पटत नव्हतं. इंजिनिअर व्हायला पाठवलेला पोरगा कामगारांच्या रांगेत उभा राहून कार्ड पंच करतो म्हणजे काय, असं आत्याने वडिलांना विचारलंही होतं.

वडिलांना मात्र त्यात वावगं वाटलं नाही. ते पन्नासच्या दशकात साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये काढलेलं हे कॉलेज, कमवा आणि शिका या योजनेवर उभं राहिलेलं. वडिलांनी तिथे शेतात खुरपणी केली, विहिरीचा गाळ काढला, आणि त्याच हातांनी बी.ए.चे पेपर लिहिले. ते मला म्हणाले, "आम्ही शिकण्यासाठी काम केलं. तुला कामातच शिकायला मिळतंय. तुझं बरं आहे." घरातून निघताना हा एवढा पाठिंबा मला पुरेसा होता.

पहिल्या दिवशी वर्क्स मॅनेजरसाहेबांनी आम्हा ट्रेनींना केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. "ऑफिसातली किरकोळ कामं तुम्हाला कुणी सांगितली, तर सरळ माझ्याकडे या. आणि ज्या माणसाच्या हाताखाली तुम्हाला देतोय, त्याचं शिक्षण किती हे विचारायचं नाही. त्याचं ऐकायचं." त्यांच्या टेबलावर एक कागद होता. त्यावर आमच्यापैकी प्रत्येकाच्या नावासमोर एका ऑपरेटरचं नाव लिहिलेलं होतं. त्या कागदाची किंमत मला तेव्हा कळली नाही. पुढे इतर कारखाने पाहिले, तेव्हा कळली.

साहेबांनी आणखी एक सोय करून ठेवली होती. ज्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल निघायची किंवा वाळू धरलेली असायची, ती लाल रंगाचा पट्टा मारून भंगारात जायची. त्यांतली काही त्यांनी ट्रेनींसाठी बाजूला काढायला सांगितली होती. आमचा हात आधी त्या लाल पट्ट्याच्या बिडावर बसायचा. बिघडलं तरी कुणाचं नुकसान नाही, आणि बिघडलं की का बिघडलं हे बघायला सगळे मोकळे. ज्या कारखान्यात एकेक जॉब मोजून बाहेर पडतो, तिथे शिकणाऱ्याला हात चालवायला एवढी जागा मिळणं ही फार मोठी गोष्ट असते.

आम्हाला स्टायपेंडही मिळायचा. आपल्याकडचा अप्रेंटिस कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि पदविका घेतलेले इंजिनिअर आले. सँडविचच्या विद्यार्थ्यांसाठीही स्टायपेंडचे दर ठरवलेले असतात आणि किमान स्टायपेंडचा निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. माझी खानावळ त्या पैशातून सुटायची. खानावळीच्या मावशी दुसऱ्या पाळीच्या पोरांचा डबा झाकून ठेवायच्या आणि मध्यरात्र उलटली तरी भाकरी मऊ राहावी म्हणून ती फडक्यात गुंडाळायच्या. त्यांचंही नाव या देण्यात आहे.

काकांनी पहिला आठवडा मला मशीनला हात लावू दिला नाही. "अहो, आधी बघा," एवढंच म्हणायचे. मी बघायचो. जॉब कसा उचलतात, बैठक कशी पुसतात, क्लॅम्प कोणत्या क्रमाने आवळतात. टेबलावर एखादी चिप राहिली तर बोअर तिरका जातो, म्हणून ते फडक्याने पुसल्यावर पुन्हा तळहात फिरवायचे. फडक्याला जे कळत नाही ते हाताला कळतं, हे त्यांचं म्हणणं. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी "अहो"चं "अरे" झालं आणि माझ्या हातात स्पॅनर आला.

मापाचा जो धडा त्यांनी दिला, तो मी आजवर शेकडो मुलांना सांगितला असेन. आमच्याकडे गिअरबॉक्सची बिडाची हाउसिंग यायची. तिच्यातला बेअरिंगचा बोअर ८० मिलिमीटरचा, आणि त्याला सूट फक्त ३० मायक्रॉनची, तीही वरच्या बाजूला. म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी अंतरात सगळा खेळ. मे महिना होता. शॉपचे पत्रे तापलेले. काकांनी मला स्टँडर्ड रूममधून रिंग गेज, म्हणजे नेमक्या मापाची कडी, आणायला सांगितलं, त्यावर लगेच बोअर गेज शून्याला लावायला सांगितलं, आणि मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब पुढ्यात ठेवला.

"मोज."

बोअर गेज आत घालून हलकेच पुढे-मागे झुलवायचं असतं. काटा एका टोकाला जातो, थांबतो आणि उलटा फिरतो. जिथून फिरतो तो आकडा खरा. काटा २२ वरून फिरला. म्हणजे ८० मिलिमीटरच्या वर २२ मायक्रॉन. मापात होता.

"वहीत लिही. वेळही लिही. आता हा जॉब स्टँडर्ड रूममध्ये ठेवून ये, आणि पाळी सुटायच्या आधी तिथेच परत मोज."

स्टँडर्ड रूम म्हणजे कारखान्यातली एकमेव थंड खोली. तिथे तापमान कायम २० अंश. लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरायचं हे जगाने १९३१ मध्ये ठरवलं, तेव्हापासून कुठल्याही ड्रॉइंगवरचा आकडा हा २० अंशांचा आकडा असतो. संध्याकाळी, पाळी सुटायच्या आधी, मी तोच जॉब मोजला. काटा ६ वर फिरला. सोळा मायक्रॉन कमी.

मी काकांकडे आलो. ते हात पुसत होते. "का रे, बोअर लहान कसा झाला?"

मी सांगितलं, जॉब अडतीस अंशांना होता, आता वीसला आला. बिडाचा प्रसरणांक अमुक, गुणिले ऐंशी, गुणिले अठरा. उत्तर सोळाच्या जवळ येतं.

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"परीक्षेत आलं होतं, काका."

"मग आज ते कामाला आलं. आता उद्या काय करशील?"

मला उत्तर सुचेना, तेव्हा त्यांनी करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी रिंग गेज आणून मशीनच्या बाजूला, कच्च्या जॉबशेजारी ठेवून दिलं. तास दोन तासांत दोघंही शॉपच्या गरमीला आले. मग गेज शून्याला लावलं आणि बोअर मोजला. या वेळी शॉपमधला आकडा आणि थंड खोलीतला आकडा यांत एखाद्या मायक्रॉनचाच फरक राहिला. रिंग आणि जॉब एकाच तापमानाला असले की तापमानाची फसगत दोघांची सारखीच होते, आणि तुलना खरी उतरते. ही युक्ती माझ्या एकाही पुस्तकात नव्हती. प्रसरणांक पुस्तकात होता. दोन्ही एकत्र आले ते काकांच्या मशीनशेजारी.

काका स्वतः औंधच्या आयटीआयमधून टर्नर होऊन आलेले. जुन्नर तालुक्यातलं घर, कोरडवाहू जमीन, घरात पहिले नोकरदार. १९६१ च्या त्याच कायद्याखाली त्यांनी अप्रेंटिसशिप केली होती. त्यांना शिकवणारा माणूस कडक होता, चुकलं की बोलायचा, पण पाळी संपल्यावर थांबून पुन्हा दाखवायचा, असं ते सांगायचे. काका तसेच थांबायचे. बस चुकली तर पुढच्या बसने जायचे.

या थांबण्याची खरी किंमत मला माझ्या प्रकल्पाने दाखवली. प्रकल्पासाठी मी प्लॅनिंग विभागातली उत्पादनाची रजिस्टरं काढली. कुठल्या मशीनवर रोज किती नग निघाले याचा आलेख काढायचा होता. काकांच्या मशीनचा आलेख वर्षभर एका पातळीवर चाललेला, आणि एका ठिकाणी एकदम खाली आलेला. तारखा बघितल्या. ते माझ्या ट्रेनिंगचे आठवडे होते. त्या कारखान्यात ठरलेल्या नगांपेक्षा जास्त काढले तर इन्सेन्टिव्ह मिळायचा, आणि अनुभवी ऑपरेटरच्या घरात तो पगाराइतकाच धरून चाललेला असायचा. मी हात बसवत होतो, काका शेजारी उभे राहून बघत होते, आणि तेवढ्या वेळात त्यांचे नग कमी पडत होते. त्यांच्या घरातले पैसे माझ्या शिक्षणावर खर्च होत होते आणि ते कुठल्याही कागदावर नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विषय काढला. म्हटलं, "काका, माझ्यामुळे तुमचा इन्सेन्टिव्ह बुडाला."

ते म्हणाले, "मी शिकत होतो तेव्हा आमच्या उस्तादाचाही बुडालाच असेल की. त्यांनी कधी काढलं नाही. तू कशाला काढतोस?" आणि कप ठेवून मशीनकडे गेले.

आमचे सर पंधरवड्यातून एकदा कारखान्यात यायचे. बसने यायचे, गेटवर सही करायचे, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून थेट मशीनपाशी यायचे. बऱ्याच कॉलेजांतले प्राध्यापक ट्रेनिंगच्या भेटीला जातात तेव्हा एचआरच्या खोलीत बसून वह्यांवर सह्या करतात. सर कधी तिथे बसले नाहीत. ते माझी वही मशीनच्या टूल-कॅबिनेटवर ठेवून वाचायचे आणि प्रश्न काकांसमोर विचारायचे. हा वेग का? हा फीड का? टूल कधी बदललं? मी अडखळलो की ते काकांकडे वळून म्हणायचे, "मास्तर, तुम्ही सांगा."

आमच्याकडे एक जुना वाद चालू होता. प्लॅनिंगवाले म्हणायचे मशीनचा वेग वाढवा, नग वाढतील. काका म्हणायचे वेग वाढवला की टूल खातं, बदलण्यातच वेळ जातो. सरांनी तो वाद माझा प्रकल्प केला. अमेरिकेतल्या फ्रेडरिक टेलरने, जो स्वतः फिलाडेल्फियाच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून घडला होता, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धातू कापण्याचे प्रचंड प्रयोग करून वेग आणि टूलचं आयुष्य यांचं सूत्र मांडलं. ते आम्ही वर्गात पाठ केलं होतं. कार्बाइड टूलसाठी त्यातला घातांक पाव धरला, तर वेग २० टक्क्यांनी वाढवल्यावर टूलचं आयुष्य निम्म्याहूनही खाली येतं. सर म्हणाले, हे या मशीनवर, या बिडावर खरं ठरतं का, ते मोजून दाखव.

मी नोंदी ठेवत गेलो. कुठल्या वेगाला एका टिपवर किती जॉब झाले आणि टिप कधी बदलली. टिप कधी बदलायची हे काका आवाजावरून ठरवायचे. कापण्याचा आवाज जरा खरखरीत झाला की ते मशीन थांबवायचे, आणि भिंगाखाली बघितलं तर टिपची धार खरोखर तेवढीच झिजलेली असायची. पुढच्या भेटीत सरांनी लॉग-लॉग कागदावर ठिपके मांडले. ते बऱ्यापैकी एका सरळ रेषेत आले. सर तो कागद घेऊन काकांकडे गेले. "मास्तर, हे तुमच्या मशीनचं आहे. बघा."

काकांनी चष्मा लावला. कागद बराच वेळ निरखला. मग रेषेच्या बऱ्याच खाली पडलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा धरू नका. त्या दिवशी आलेलं कास्टिंग कडक होतं. फाउंड्रीत लवकर थंड झालेलं. टूलने लगेच आवाज दिला होता."

सरांनी खिशातून पेन काढलं, त्या ठिपक्याभोवती गोल केला आणि समासात लिहिलं, "ऑपरेटरच्या सांगण्यानुसार कास्टिंगमध्ये कठीण थर. वगळावा." पुढे कॉलेजात त्यांनी तो आलेख वर्गाला दाखवला, तेव्हा तो समासही दाखवला. त्या दिवशी मला विद्यापीठ आणि कारखाना यांनी एकत्र शिकवणं म्हणजे काय ते पूर्ण कळलं. सूत्र सरांचं, नोंदी माझ्या, आणि कुठली नोंद खोटी बोलते हे सांगणारा माणूस मशीनवरचा. तिघांपैकी एक जरी नसता तरी तो कागद चुकीचा ठरला असता.

बस येईपर्यंत सर थांब्यावर गप्पा मारायचे. हर्मन श्नायडरची गोष्ट मी तिथेच ऐकली. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात या प्राध्यापकाने १९०६ मध्ये २७ विद्यार्थ्यांना घेऊन नवीन पद्धत सुरू केली. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक आठवडा जोडीतला एक जण वर्गात आणि दुसरा कारखान्यात, पुढच्या आठवड्यात उलट. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे आणि वर्गही चालू राहत असे. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी एक वर्षाची परवानगी दिली होती. ती पद्धत आज जगभर पसरली आहे. कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं तेच या पद्धतीवर. आपल्याकडे पिलानीच्या बिट्समध्ये सी. आर. मित्रा संचालक असताना १९७३ मध्ये प्रॅक्टिस स्कूल सुरू झालं. तिथले विद्यार्थी महिनोन्‌महिने कारखान्यात राहतात आणि संस्थेचे प्राध्यापक त्यांच्यासोबत तिथे असतात.

सरांना आणखी एक उदाहरण प्रिय होतं आणि ते आपल्या मातीतलं होतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकवायचे. त्यांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली आणि आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना हाताशी धरून लोखंडी नांगर घडवले. सर म्हणायचे, "महाराष्ट्रातला कारखाना एका शिक्षकाने काढला. त्यात शिकवणं पहिल्यापासून आहे."

सगळ्यांनाच असं नशीब लाभलं नाही. माझ्याच वर्गातला एक मित्र दुसऱ्या एका कारखान्यात होता. त्याला कुणाच्याही हाताखाली दिलं नव्हतं. सहा महिने तो स्टोअरमध्ये बिन कार्ड भरत बसला. त्याच्या कॉलेजमार्गदर्शकांची भेट एकदाच झाली, तीही ऑफिसात. शेवटी त्याला जे प्रमाणपत्र मिळालं ते माझ्या प्रमाणपत्रासारखंच होतं, आणि गुणही जवळपास तेवढेच. करार दोन्हीकडे होता, शिक्के दोन्हीकडे होते. त्याच्याकडे एका माणसाचं नाव नव्हतं, एवढाच फरक. तो हुशार होता, अजूनही आहे, पण मशीनची भीती त्याच्या मनातून जायला नोकरीतली पुढची कित्येक वर्षं जावी लागली. ती वर्षं कुणीतरी त्याच्याकडून काढून घेतली, असं मला आजही वाटतं.

पुढे मीही उत्पादन विभागाचा प्रमुख झालो आणि माझ्या शॉपमध्ये ट्रेनी येऊ लागले. काकांचा तो खाली आलेला आलेख मी विसरलो नव्हतो. मी व्यवस्थापनाकडे एकच मागणी लावून धरली. जो ऑपरेटर ट्रेनीला शिकवतो, त्याचे शिकवण्याचे तास टाइमशीटमध्ये वेगळ्या कोडखाली लिहायचे, आणि तेवढ्या तासांचा इन्सेन्टिव्ह त्याच्या नेहमीच्या सरासरीने द्यायचा. अकाउंट्सला हे पटवायला वेळ लागला. शिकवण्याचं उत्पादन कुठे दिसतं, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा मी स्क्रॅपचे आकडे पुढे ठेवले. ट्रेनी नीट शिकून कायम झाला की त्याच्या मशीनवरचं रिजेक्शन पहिल्या वर्षी किती कमी असतं, आणि कुणी न शिकवलेला माणूस किती माल भंगारात घालतो, हे त्यांना दाखवलं. तास मंजूर झाले. त्यानंतर ऑपरेटर आपणहून विचारू लागले, "साहेब, या वेळी माझ्याकडे पोरगा देणार ना?" त्यांची शिकवायची इच्छा पहिल्यापासून होती. पोटाला चिमटा घेऊन शिकवायला लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा होती आणि ती अगदी रास्त होती.

कामानिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला जाणं झालं, तेव्हा तिथली रीत पाहिली. १९७४ मध्ये त्याच शहरात आणि मानहाइममध्ये, तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने, उच्च शिक्षण आणि नोकरी एकत्र चालवणाऱ्या अकादमी सुरू झाल्या. आज त्या राज्याचं विद्यापीठ झाल्या आहेत. विद्यार्थी कंपनीशी करार करतो आणि काही महिने वर्गात, काही महिने कंपनीत असं त्याचं चक्र चालतं. पण मला सर्वांत जास्त भावलं ते त्यांच्या कामगार-प्रशिक्षणातलं. तिथे अप्रेंटिसला शिकवणाऱ्याला स्वतःच्या कामात तरबेज असून भागत नाही. शिकवता येतं हे सिद्ध करणारी वेगळी परीक्षा त्याला द्यावी लागते. मशीनवर शिकवणाऱ्याला तिथे शिक्षकाचा दर्जा आहे, आणि त्याची पात्रता कायद्यात लिहिलेली आहे. आपल्याकडे काकांसारखी माणसं तीच पात्रता अंगी बाळगून असतात, पण ती कुठे नोंदवलेली नसते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या नव्या आराखड्यात महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी त्याला ४ क्रेडिट आहेत, आणि एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने ते १२० तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदव्यांनाही वाट करून दिली आहे. मी याचं मनापासून स्वागत करतो. ज्या गोष्टीने माझं आयुष्य घडलं ती आता इंजिनिअरिंगपुरती राहिली नाही. वाणिज्य, विज्ञान, कला, सगळ्या शाखांच्या मुलांपर्यंत ती पोहोचते आहे. पण एका महाविद्यालयाच्या बैठकीला उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून बसलो होतो, तेव्हा मन खट्टू झालं. सामंजस्य करार किती झाले, पोर्टलवर नोंदी कुठवर आल्या, लॉगबुकचा नमुना कसा असावा, यावर सगळे पोटतिडकीने बोलले. मुलाला शिकवणार कोण, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, "ते कंपनी बघेल." कंपनीत विचारलं तर उत्तर येतं, "ते एचआर बघेल." आणि एचआरचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण मी ते वर्षानुवर्षं ऐकलं आहे. जो रिकामा असेल त्याच्याकडे देऊ, असं ते उत्तर असतं. चांगला कारागीर कधीच रिकामा नसतो. त्यामुळे मूल जातं ते ज्याला कामही नाही आणि शिकवण्याची हौसही नाही अशा माणसाकडे, आणि १२० तास कुठेतरी खुर्चीवर संपतात.

करार दोन संस्थांमध्ये होतो, शिकणं दोन माणसांमध्ये होतं. माझ्या वेळी ते घडलं, कारण एका मॅनेजरने नावासमोर नाव लिहिलं, एका प्राध्यापकाने मशीनशेजारी उभं राहायची तयारी ठेवली, आणि एका कामगाराने स्वतःच्या पगाराला कात्री लावून घेतली. पहिल्या दोघांचं ते कर्तव्य होतं आणि त्यांनी ते उत्तम केलं. तिसऱ्याचं ते कर्तव्य नव्हतं. त्याच्या चांगुलपणावर आपण एक अख्खी शिक्षणपद्धती चालवतो आहोत, आणि त्याची कुठेच दखल घेत नाही.

काका आता नारायणगावजवळ गावी असतात. दिवाळीत मी जातो. त्यांना माझ्या कंपनीचं कौतुक नसतं. ट्रेनी कितीजण आले, कुणाकडे दिले, हात बसला का, एवढं ते विचारतात. त्यांच्या या प्रश्नांना खरी उत्तरं देता यावीत, म्हणून मी नोकरीत जेवढं जमलं तेवढं केलं. बाकीचं तुमच्या-माझ्यासारख्या, महाविद्यालयांत आणि कंपन्यांत निर्णय घेणाऱ्या माणसांनी करायचं आहे.

म्हणून प्राचार्यांना, विभागप्रमुखांना आणि कारखान्यांच्या मालकांना हात जोडून विनंती आहे. करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी त्यात लिहून घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवणाऱ्या कामगाराचं किंवा कर्मचाऱ्याचं नाव. त्याच्या पाळीतले शिकवण्याचे तास आणि त्यांचा पूर्ण मोबदला. आणि महाविद्यालयातून कोण, किती वेळा, त्या कामाच्या जागी जाऊन उभं राहणार ते. हे लिहिलेलं नसेल तर सही करू नका. शिकवणाऱ्या कामगाराचे तास हिशेबात धरले नाहीत, तर मुलांना कितीही क्रेडिट मिळाले तरी काम येणार नाही.